यिर्मया : पडत्या नगरात शेत विकत घेणारा संदेष्टा

रविवारच्या मिस्सामध्ये पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून असते. त्यातील राजांची आणि गावांची नावे आपल्या ओळखीची नसतात, म्हणून पुष्कळदा आपण ते वाचन नुसते कानावरून जाऊ देतो. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील उतारे तीन वर्षांच्या वाचनचक्रात अनेकदा येतात. आगमनकाळात येतात, प्रायश्चित्तकाळात येतात, सामान्य काळातही येतात. असा तुकड्यातुकड्याने भेटणारा हा माणूस प्रत्यक्षात कसा जगला, हे एकदा सलग वाचले तर पुढच्या वेळी ते वाचन आपल्याला अधिक जवळचे वाटेल.

आणखीही एक कारण आहे. देवाचा न्याय हा शब्द ऐकला की काहींना भीती वाटते, तर प्रेमळ पिता शिक्षा कशी करील असा प्रश्न काहींना पडतो. उलट काहीजण दुसऱ्याच्या घरावर संकट आले की देवानेच शिक्षा केली असे बोलून मोकळे होतात. यिर्मयाने चाळीस वर्षे देवाच्या न्यायाविषयी सांगितले. त्याचे आयुष्य नीट पाहिले तर यांतील एकही समजूत टिकत नाही.

अनाथोथचा मुलगा

यिर्मयाचा जन्म इ.स.पू. ६५०च्या आसपास अनाथोथ या लहान गावी झाला. हे गाव यरुशलेमपासून सुमारे पाच किलोमीटरवर, ईशान्येला होते. वडील हिल्किया याजक घराण्यातील होते. पूर्वी शलमोन राजाने अब्याथार या याजकाला पदावरून काढून याच गावी पाठवले होते. यिर्मयाचे घराणे त्याच्याच वंशातील असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर मंदिराच्या इतक्या जवळ राहूनही मंदिराच्या कारभारात ज्यांना स्थान उरले नव्हते, अशा लोकांत तो वाढला.

योशिया राजाच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ मध्ये, परमेश्वराने त्याला पाचारण केले. आपले वय लहान आहे, आपल्याला बोलता येत नाही, अशी सबब त्याने पुढे केली. परमेश्वराने ती मान्य केली नाही. त्याच्यावर जे काम सोपवले गेले त्याला दोन बाजू होत्या. जे वाईट रुजले आहे ते उपटायचे आणि पाडायचे, ही पहिली. नव्याने बांधायचे आणि लावायचे, ही दुसरी. ही दुसरी बाजू आपण लक्षात ठेवावी, कारण त्याच्या काळच्या लोकांनी पहिलीच तेवढी ऐकली आणि त्याला अशुभ बोलणारा ठरवले.

त्याचे खाजगी आयुष्यही या कामातून सुटले नाही. परमेश्वराने त्याला लग्न करू दिले नाही. लग्नाच्या मेजवानीला जायचे नाही आणि मयताच्या घरी सांत्वनालाही जायचे नाही, असा त्याला आदेश होता. गावात ज्याला लग्नाला आणि मर्तिकाला जाता येत नाही, त्याची काय अवस्था होते हे आपल्यासारख्या गावकऱ्यांना वेगळे सांगायला नको. त्याच्या स्वतःच्या भाऊबंदांनी एकदा त्याच्या जिवावर उठण्याचा बेतही केला होता.

मंदिर म्हणजे ताईत नव्हे

योशिया हा चांगला राजा होता. इ.स.पू. ६२२ मध्ये मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि राजाने देशभर मूर्तिपूजेविरुद्ध सुधारणा सुरू केली. परंतु इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे इजिप्तच्या फारोशी झालेल्या लढाईत योशिया मारला गेला. फारोने त्याचा मुलगा यहोयाकीम याला गादीवर बसवले आणि देशाची घडी विसकटली. हिन्नोमच्या खोऱ्यात मुलांचे बळी देण्याचा अघोर प्रकार पूर्वी चालत असे. तो, आणि परक्या देवतांचे धूप-नैवेद्य, यांवर यिर्मयाने कठोर टीका केली आहे. राजा स्वतःसाठी गंधसरूच्या लाकडाचा नवा वाडा बांधत होता आणि मजुरांना मजुरी देत नव्हता. विधवा, अनाथ व परदेशी यांना कोणी वाली नव्हता.

तरीही लोक निर्धास्त होते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अश्शूरच्या सन्हेरीब राजाने यरुशलेमला वेढा दिला होता, पण नगर वाचले होते. त्यामुळे परमेश्वराचे मंदिर ज्या नगरात आहे ते कधी पडणारच नाही, अशी लोकांची पक्की धारणा झाली होती. आठवडाभर हवे तसे वागायचे, मग मंदिरात येऊन सुरक्षित झालो म्हणायचे, असा प्रकार चालू होता.

यहोयाकीमच्या कारकिर्दीच्या आरंभी यिर्मया मंदिराच्या दाराशी उभा राहिला आणि त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना उघडपणे सुनावले. चोरी, खून, व्यभिचार, खोट्या शपथा हे सारे करून इथे आश्रयाला याल तर हे मंदिर दरोडेखोरांच्या लपण्याच्या जागेसारखे होईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. शिलो येथेही एके काळी परमेश्वराचे पवित्रस्थान होते आणि ते उद्ध्वस्त झाले, याची त्याने आठवण करून दिली. सहाशे वर्षांनंतर प्रभू येशूने मंदिरातील विक्रेत्यांना हाकलून लावले तेव्हा त्याने यिर्मयाच्या याच प्रवचनाचा आधार घेतला.

याजकांनी आणि लोकांनी यिर्मयाला धरले व त्याला मृत्युदंड द्यावा अशी मागणी केली. काही वडीलधाऱ्यांनी मीखा संदेष्ट्याचा दाखला देऊन आणि शाफान घराण्यातील अहीकाम याने पाठीशी उभे राहून त्याला वाचवले. उरीया नावाचा दुसरा एक संदेष्टा हेच सांगत होता. तो इजिप्तला पळाला, पण राजाने माणसे पाठवून त्याला परत आणले आणि ठार केले. यिर्मया कोणत्या धोक्यात जगत होता, ते यावरून कळते.

जाळलेली गुंडाळी

एके दिवशी परमेश्वराने यिर्मयाला कुंभाराच्या घरी पाठवले. चाकावरचे भांडे बिघडले तेव्हा कुंभाराने माती फेकून दिली नाही, तिचा पुन्हा गोळा करून त्याने दुसरे भांडे घडवले. माती ओली आहे तोवर दुरुस्ती होऊ शकते, हा त्याचा बोध. पुढे यिर्मयाने भाजलेले मडके विकत घेतले आणि हिन्नोमच्या खोऱ्यात सर्वांसमक्ष फोडले. मन भाजलेल्या मडक्यासारखे कडक झाले की मग फुटण्याखेरीज काही उरत नाही. या कृत्यासाठी पश्हूर नावाच्या मंदिराधिकाऱ्याने त्याला मारहाण करून रात्रभर खोड्यात अडकवले.

अशा वेळी यिर्मया फार खचत असे. त्याने परमेश्वराजवळ केलेल्या तक्रारी त्याच्या ग्रंथात आहेत. आपली फसवणूक झाली असे तो परमेश्वराला तोंडावर सांगतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आता बोलणेच बंद करावे असे ठरवतो. पण आत कोंडलेला तो शब्द त्याला स्वस्थ बसू देत नाही. प्रार्थनेत आपल्या मनातील कडवटपणाही देवाला सांगता येतो, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी ही पाने जरूर वाचावीत.

इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीश येथे बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने इजिप्तचा पराभव केला. उत्तरेकडून येणाऱ्या ज्या संकटाविषयी यिर्मया वीस-बावीस वर्षे सांगत होता, त्याला आता चेहरा मिळाला. यिर्मयाला मंदिरात जायला बंदी होती. म्हणून त्याने आपला लेखनिक बारूख याला बोलावले, आजवरचा सारा संदेश त्याच्याकडून गुंडाळीवर लिहवून घेतला आणि उपवासाच्या दिवशी मंदिरात वाचायला पाठवले. ती गुंडाळी अधिकाऱ्यांमार्फत राजापर्यंत गेली. हिवाळ्याचे दिवस होते आणि राजासमोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. असे करत सारी गुंडाळी जळून गेली. शाफानाचा मुलगा गमऱ्या आणि आणखी दोघे विनवत होते, पण राजाने ऐकले नाही. यिर्मयाने बारूखाला दुसरी गुंडाळी घ्यायला लावली आणि तो सारा मजकूर पुन्हा सांगितला. त्यात आणखी भरही घातली.

ही माणसे काल्पनिक नाहीत. यरुशलेमच्या जुन्या भागात १९८२ साली झालेल्या उत्खननात मातीचे छोटे शिक्के सापडले. दस्तऐवज बांधून त्यावर ते लावत असत. त्यांतील एकावर शाफानाचा मुलगा गमऱ्या हे नाव आहे. राजाला थांबवू पाहणारा गमऱ्या तो हाच असावा.

दूर गेलेल्यांना पत्र

इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेम पहिल्यांदा बाबिलोनच्या हाती लागले. यहोयाकीम त्याआधीच मरण पावला होता. त्याचा अठरा वर्षांचा मुलगा यहोयाखीन, राजघराणे, सैनिक, कारागीर यांना कैद करून नेण्यात आले. पुढे संदेष्टा म्हणून प्रसिद्ध झालेला यहेज्केल त्यांच्यातच होता. बाबिलोनच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर या यहोयाखीन राजाला व त्याच्या मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे.

मागे राहिलेले लोक स्वतःला पुण्यवान समजू लागले आणि नेलेल्यांना देवाने टाकले असे म्हणू लागले. यिर्मयाला मात्र अंजिरांच्या दोन टोपल्यांचा दृष्टान्त झाला. चांगली अंजिरे म्हणजे दूर नेलेले लोक, नासकी अंजिरे म्हणजे मागे राहून फुशारणारे. ज्यांना शिक्षा भोगावी लागली त्यांच्यातूनच परमेश्वर नवी सुरुवात करणार होता.

हद्दपार झालेल्यांत काही खोटे संदेष्टे होते. लवकरच घरी जाऊ, असे ते सांगत. त्यामुळे लोक गाठोडी बांधून बसल्यासारखे जगत होते. यिर्मयाने त्यांना पत्र पाठवले. तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात राहता त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असा त्याचा सारांश होता. परतण्याचा काळ येईल, पण सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो दिवस दिसणार नव्हता. तरीही देवाच्या मनात त्यांच्या भल्याचेच विचार आहेत, असे त्याने लिहिले. पोटासाठी मुंबईला, आखाती देशांत किंवा बोटीवर गेलेली माणसे ज्या घरांत आहेत, त्यांना या पत्राचे मोल लवकर समजेल.

याच सुमारास यिर्मया लाकडी जू मानेवर घेऊन यरुशलेममध्ये फिरत असे. बाबिलोनची सत्ता सोसावी लागेल, हे त्याला दाखवायचे होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडले आणि दोन वर्षांत सुटका होईल असे जाहीर केले. लोकांना हनन्याचेच पटले. गोड बोलणाऱ्याचे नेहमीच लवकर पटते.

चिखलाचे टाके

शेवटचा राजा सिद्कीया दुबळा होता. यिर्मयाचे ऐकावे असे त्याला वाटे, पण दरबाऱ्यांची भीती वाटे. त्याने बाबिलोनविरुद्ध बंड केले आणि इ.स.पू. ५८८ मध्ये यरुशलेमला अखेरचा वेढा पडला.

वेढ्यात असताना श्रीमंतांनी देवाला वचन देऊन आपल्या हिब्रू गुलामांना मुक्त केले. इजिप्तचे सैन्य येत आहे असे कळताच बाबिलोनी काही काळ मागे हटले. संकट टळले असे वाटताच त्याच श्रीमंतांनी मुक्त केलेल्यांना पुन्हा गुलाम केले. यिर्मयाला याचा फार संताप आला. आजारपणात नवस बोलायचा आणि बरे वाटल्यावर विसरायचा, ही आपली सवयही काही नवी नाही.

वेढा सैल झाला तेव्हा यिर्मया जमिनीच्या कामासाठी आपल्या बन्यामीन प्रांतात निघाला होता. वेशीवर त्याला शत्रूला फितूर म्हणून पकडले आणि मार देऊन कोठडीत टाकले. राजाने नंतर त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात हलवले आणि रोज एक भाकरी देण्याची व्यवस्था केली. पण चार सरदारांनी राजाकडून परवानगी घेऊन त्याला दोरांनी एका टाक्यात सोडले. टाक्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता. त्यात तो रुतला.

दिघीसमोरच्या जंजिरा किल्ल्यातील गोड्या पाण्याची तळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेढ्यात पाण्याचे महत्त्व काय असते ते कळेल. टाक्याचा तळ लागला, म्हणजे नगराचे दिवस भरत आले होते. यिर्मयाला मारण्यासाठी तलवारही लागणार नव्हती.

त्याला वाचवले ते एका परक्याने. एबद-मलेख हा राजवाड्यात चाकरी करणारा कूश देशाचा, म्हणजे आफ्रिकेतील, काळा माणूस होता. त्याने राजासमोर जाऊन धीटपणे हा अन्याय सांगितला, माणसे घेतली आणि राजवाड्याच्या कोठारातून जुन्या चिंध्या घेतल्या. दोरांनी काखा सोलू नयेत म्हणून त्या चिंध्या बगलेत धरायला त्याने यिर्मयाला सांगितले आणि मग त्याला वर ओढून काढले. चिंध्यांचा तो विचार ज्याने केला, त्याचे मन किती कोवळे असेल! स्वतःच्या लोकांनी टाकलेल्याला परक्याने उचलले, ही गोष्ट प्रभू येशूच्या दयाळू शोमरोनीची आठवण करून देते.

ज्यांनी यिर्मयाला टाक्यात टाकले त्या चौघांपैकी दोघांची नावे असलेले मातीचे शिक्के यरुशलेमच्या उत्खननात २००५ आणि २००८ साली सापडले आहेत.

शेताचे खरेदीखत

वेढा चालू होता आणि यिर्मया पहाऱ्यात होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल तिथे आला. अनाथोथ येथील आपले शेत यिर्मयाने विकत घ्यावे, कारण कुळाच्या रिवाजाप्रमाणे पहिला हक्क त्याचा आहे, अशी त्याची मागणी होती. ते शेत तेव्हा शत्रूच्या छावणीच्या ताब्यातील मुलखात होते. ज्या देशाचा सौदा करण्यासारखे काही उरले नव्हते, त्या देशातील जमीन कोण घेईल?

यिर्मयाने ती घेतली. सतरा शेकेल, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोनशे ग्रॅम चांदी त्याने तोलून दिली. खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहोर केली. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशा दोन्ही प्रती त्याने सर्वांसमक्ष बारूखाकडे दिल्या आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा त्याचा अर्थ होता.

सातबारा, खरेदीखत, साक्षीदार आणि भाऊबंदांचा हक्क म्हणजे काय, हे आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर कोणाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच या व्यवहारातील वेडेपणा आपल्याला चांगला कळतो. यिर्मयालाही तो कळत होता. कागद झाल्यावर त्याने प्रार्थना केली आणि नगर शत्रूच्या हाती जात असताना हे शेत का घ्यायला लावलेस, असे परमेश्वराला विचारले. परंतु आधी त्याने पैसे मोजले होते.

इथे देवाच्या न्यायाचे खरे स्वरूप दिसते. नगर पडणार असे चाळीस वर्षे सांगणारा माणूस आणि त्याच नगराजवळ शेत घेणारा माणूस एकच आहे. त्याने आपले पहिले बोलणे मागे घेतलेले नाही. नगर पडणारच होते. पण जो न्याय करतो तोच परत वसवणार आहे, यावर त्याने स्वतःची चांदी लावली.

नगर पडले

इ.स.पू. ५८७ मध्ये (काही अभ्यासक ५८६ मानतात) तट फुटला. सिद्कीया रात्री पळाला, पण यरीहोच्या मैदानात पकडला गेला. त्याच्यासमोर त्याच्या मुलांना मारले आणि मग त्याचे डोळे काढले. महिनाभराने शलमोनाने बांधलेले मंदिर जाळण्यात आले.

बाबिलोनच्या सेनापतीने यिर्मयाला मान दिला. बाबिलोनला आलास तर तुझी काळजी घेऊ, नाहीतर इथे राहा, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला. त्याचे म्हणणे खरे ठरले होते आणि तिकडे सुखात राहण्याची सोय होती. यिर्मया ओसाड देशातील गोरगरिबांबरोबर राहिला. गदल्या नावाचा भला अधिकारी त्यांच्यावर नेमला होता. त्याचा खून झाला, उरलेले लोक घाबरले आणि यिर्मयाने परमेश्वराच्या नावे नको म्हणून सांगितले असतानाही इजिप्तला पळाले. जाताना त्यांनी यिर्मया व बारूख यांनाही नेले. तिथे, तहपन्हेस नगरात, वृद्ध यिर्मया त्यांना समजावतच राहिला. त्याच्या स्वतःच्या लोकांनीच त्याला तिथे दगडमार करून मारले, अशी प्राचीन ख्रिस्ती परंपरा आहे. विकत घेतलेल्या शेतात त्याने कधी नांगर घातला नाही. ख्रिस्तसभा १ मे रोजी त्याची आठवण करते.

इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने बाबिलोन जिंकले आणि पुढच्या वर्षी यहुद्यांना परतण्याची मुभा दिली. इ.स.पू. ५१५ मध्ये मंदिर पुन्हा उभे राहिले. अनाथोथच्या माणसांची नावेही परतलेल्यांच्या यादीत आहेत.

आपल्या किनाऱ्यावरची आठवण

मंदिर जळाल्याची आठवण यहुदी लोक आव महिन्याच्या नवमीला उपवास करून पाळतात. ही आठवण फार पूर्वी आपल्या किनाऱ्यावरही येऊन पोहोचली होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली सात जोडपी म्हणजे आपले पूर्वज, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. रायगडच्या गावागावांत ते तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, दिवेकर, केहिमकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची आहेत. मंदिराच्या नाशाच्या उपवासाला ते बिरड्याचा सण म्हणत, कारण त्याच्याशी जोडलेल्या जेवणात वालाचे बिरडे असे. धर्मग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू भाषा विसरली होती, तरी यरुशलेमचे दुःख त्यांनी मराठीत आणि आपल्या स्वयंपाकात जपून ठेवले.

१९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलला गेले. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथील त्यांची सभास्थाने आजही उभी आहेत. यिर्मयाचा विचार करताना या आपल्या जुन्या शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. संदेष्ट्यांचे कठोर शब्द यहुदी लोकांविरुद्ध वापरण्याचे पाप ख्रिस्ती लोकांनी अनेक शतके केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले की यहुदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापलेले म्हणून दाखवू नये. यिर्मया आपल्या लोकांवर रागावला, पण रडला त्यांच्याचसाठी आणि राहिला त्यांच्याचबरोबर.

नवा करार

यिर्मयाच्या ग्रंथाचे एकतिसावे प्रकरण म्हणजे त्याच्या संदेशाचे हृदय आहे. दगडी पाट्यांवरील करार लोकांनी मोडला. परमेश्वराने करार सोडून दिला नाही, नवा करार करण्याचे वचन दिले. हा नियम पाटीवर नसून मनावर लिहिलेला असेल, लहानथोर सर्वजण देवाला ओळखतील आणि देव त्यांच्या पापांची क्षमा करील. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने प्याला हातात घेऊन या नव्या कराराचे नाव घेतले आणि तो आपल्या रक्तात होत आहे असे सांगितले. प्रत्येक मिस्सामध्ये अभिषेकाच्या वेळी आपण तेच ऐकतो. वेढा पडलेल्या नगरातील एका कैद्याच्या मनात जे वचन पेरले गेले, त्याचे फळ आपण वेदीपाशी घेतो.

येशूला पाहून काही लोकांना यिर्मयाच परत आला असे वाटले होते. यरुशलेमकडे पाहून येशू रडला. तोही नगराच्या नाशाविषयी बोलला आणि स्वतः त्याच नगराबाहेर मरण पावला. न्यायाचा भार त्याने दुसऱ्यावर न टाकता स्वतःवर घेतला.

आपण काय घ्यावे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या भागावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. अशा वेळी कोणाच्या तरी पापाची ही शिक्षा, असे बोलणारे भेटतात. शिलोह येथील बुरूज कोसळून माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती का, असे विचारून प्रभू येशूने हा विचार नाकारला आहे. यिर्मयाने न्याय सांगितला तो दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखवून नव्हे. स्वतःच्या मंदिराच्या दारात उभे राहून, अमुक मजुरी थकवली, अमुक शपथ मोडली असे नेमके बोट ठेवून त्याने तो सांगितला, आणि मग त्या लोकांबरोबर उपाशी राहिला. ज्याला दुसऱ्याला देवाचा न्याय सांगायचा असेल त्याने आधी ही किंमत मोजायची तयारी करावी.

पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. वादळानंतर ज्या म्हाताऱ्या माणसांनी पुन्हा रोपे लावली, त्यांनी यिर्मयासारखेच काम केले. आपल्या घरात एखादे नाते मोडले असेल, जमिनीवरून भावाशी बोलणे बंद असेल, कोणाचा पगार अडवलेला असेल, तर ते खरे आहे असे आधी मान्य करावे. प्रायश्चित्त संस्कारात आपण तेच करतो. पण तिथेच थांबू नये. आपल्या हयातीत फळ दिसले नाही तरी चालेल, असे म्हणून पहिले रोप लावावे.

येत्या आठवड्यात रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी यिर्मयाच्या ग्रंथातील एकेक अध्याय घरी वाचता येईल. १, ७, ३६, २९, ३८ आणि ३२ हे सहा अध्याय सोमवार ते शनिवार वाचावेत, आणि रविवारी मिस्साला येण्यापूर्वी नव्या कराराचा ३१वा अध्याय वाचावा. संदेष्टा यिर्मया, आमच्यासाठी विनंती कर.